लशीनंतर धरलेला खांदा आणि सांगलीचा ग्राहक आयोग

खासगी दवाखान्यात पैसे मोजून लस घेतली आणि खांदा धरला, तर भरपाई मागायला सांगलीकरांना परवडणारी जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे लस पुण्यात टोचलेली असली तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. फी मागितलेल्या भरपाईवर नाही, दवाखान्याला दिलेल्या रकमेवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. त्यामुळे लशीची पावती जिवापाड जपा. सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी केंद्रातली लस मात्र इथं बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने ती बाहेर ठेवली आहे.

खरी लढाई पुराव्याची. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली सुई टोचायची असते. ती फार वर गेली तर लस स्नायूऐवजी सांध्यालगतच्या बर्सामध्ये (घर्षण कमी करणाऱ्या द्रवाच्या पिशवीत) जाऊ शकते आणि तिथं सूज धरते. साधी दंडदुखी काही दिवसांत ओसरते. बर्साच्या या दुखापतीत दुखणं सहसा ४८ तासांत सुरू होतं, महिनोन्‌महिने राहतं आणि हात वर जात नाही. अमेरिकेत २०१७ पासून ही दुखापत लशीच्या दुखापतींसाठीच्या सरकारी भरपाईच्या तक्त्यात आहे. तिथं ४८ तासांतली सुरुवात, ६ महिन्यांहून जास्त त्रास आणि आधीचं दुखणं नाही, अशा अटी जुळल्या की कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. आपल्या आयोगात तो सिद्ध करावाच लागतो, आणि तिथंच तक्रारी लंगड्या पडतात.

कारण केसपेपरवर 'लस दिली' एवढंच असतं. दुखणं तोंडी सांगितलेलं, एमआरआय फार उशिरा काढलेला. मग समोरचा वकील वय, मधुमेह आणि फ्रोझन शोल्डर (खांदा आखडण्याचा आजार) पुढे करतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून कोणता दंड, सुईची जागा आणि दुखणं सुरू झाल्याची तारीख लिहून घ्या. सुईच्या खुणेचा फोटोही काढा. दवाखान्याकडे नोंदींच्या प्रती लेखी मागा, ७२ तासांत द्याव्या लागतात. तज्ज्ञाचं मत मिरजेतल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून मिळवता येतं. त्याशिवाय अर्ज करूच नये.

तक्रार करायची मुदत २ वर्षांची. नोटिशीनंतर दवाखान्याला उत्तरासाठी ३० अधिक १५ दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. निकाल मात्र कायद्यातल्या ३ महिन्यांत लागेल असं धरून चालू नका. तक्रार मंजूर झाली आणि दवाखान्याला अपील करायचं असेल, तर त्याला ठरलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते.