मुरगाव बंदराचा युद्धकालीन फेरफटका: हकीकत उत्तम, निष्कर्ष घाईचा

सड्याच्या माथ्यावरून मुरगाव बंदर दाखवत ‘ऑपरेशन क्रीक’ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी येथील जर्मन जहाजावर केलेल्या छुप्या हल्ल्याची, हकीकत मराठीतून सांगणारा हा फेरफटका गोव्यातील इतिहासप्रेमींनी अवश्य घ्यावा, कारण घटनाक्रम इतक्या स्पष्टपणे सांगणारे मार्गदर्शक सहसा भेटत नाहीत. तटस्थ पोर्तुगालच्या या बंदरात ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ व ‘द्राखेनफेल्स’ ही जर्मन आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज आश्रयाला होते. ‘एरेनफेल्स’वरील गुप्त रेडिओ प्रक्षेपक दोस्तराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवतो, असा ब्रिटिश गुप्तचरांचा अंदाज होता. नौदल पाठवले तर तटस्थतेचा उघड भंग झाला असता, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या राखीव पथकांतले, बहुतेक मध्यमवयीन स्वयंसेवक ‘फीबी’ नावाच्या बार्जमधून आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’वर चढले. कप्तान मारला गेला. खलाशांनी जहाजे स्वतःच बुडवली.

माझा आक्षेप यापुढच्या भागाला आहे. प्रक्षेपक बंद पडताच दोस्तराष्ट्रांची जहाजे बुडणे थांबले, असे येथे ठामपणे सांगितले जाते. १९४२ च्या अखेरीस आणि १९४३ च्या आरंभी हिंदी महासागरात आलेल्या जर्मन पाणबुड्या मुख्यतः केप टाऊन ते मोझांबिक या पट्ट्यात वावरत होत्या आणि अरबी समुद्राकडे येणारा ‘मॉन्सून’ गट हल्ल्यानंतर, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात निघाला. जपानी पाणबुड्यांचा विचार तर निराळाच करावा लागतो. शत्रूजवळ साधन असणे, ते वापरण्याचा त्याचा हेतू असणे आणि त्या वापरामुळेच आपले नुकसान होणे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. अंदाज बांधणाऱ्यांनी ते एकत्र केले असतील, पण आज सांगणाऱ्यांनी तरी सुटे करावेत. शिवाय ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटनने अझोर्स या अटलांटिकमधील पोर्तुगीज बेटांवरील तळांसाठी पोर्तुगालशी करार केला, आणि तटस्थतेचा भंग उघड झाला असता तर तो धोक्यात आला असता, हे सांगितल्याशिवाय मोहिमेत किती मोठी जोखीम होती ते श्रोत्याला कळत नाही, आणि त्याचा येथे उल्लेखही होत नाही.

व्यवस्था नेटकी आहे. हाती दिला जाणारा नकाशा मात्र बंदरापुरताच आहे. त्याच्या पाठीमागे हिंदी महासागर आणि पाणबुड्यांच्या तारखा छापाव्यात, अशी माझी कळकळीची सूचना आहे. ज्येष्ठांनी सायंकाळची फेरी निवडावी, कारण दुपारी माथ्यावर ऊन फार लागते.