कोरड्या तळ्याचा फोटो बघून भरल्या तळ्यात गळ: आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आपल्याकडं नाही. हे लिहावं लागतंय ते आमच्या दाजींमुळं. गेल्या वर्षी ते काश्मीरला जाऊन आले, पहलगामला लिडर नदीवर लोक ट्राउट धरताना बघितले आणि तेव्हापासून एकच धोशा. तिथं म्हणे नदीचे टप्पे पाडलेत, सरकारी परवान्यावर टप्पा आणि तारीख लिहून मिळते, सकाळी जाऊन उभं राहायचं. आपल्याकडं असं का नाही?

ट्राउटची अंडी इंग्रजांनी १९०० च्या सुमारास विलायतेहून आणून काश्मीरच्या ओढ्यांत वाढवली. त्या माशाला साधारण वीस अंशांच्या आतलं, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. लातुरात मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडून त्याखाली हात धरा, म्हणजे विषय संपला. पण दाजींचा मूळ मुद्दा खरा होता. रविवार एकच, पेट्रोल आपलं, तर नेमकं कुठं जायचं हे निघायच्या आधी कळायला पाहिजे. ते सांगणारं आपल्याकडं कोणी नाही. म्हणून ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत उपग्रहाचे फोटो बघून गळ टाकायच्या जागा शोधल्या. एकवीस रविवार झाले, त्यातले आठ कोरडे गेले. त्याचा हा अनुभव.

वापरलं काय ते सांगतो. एक, मोबाइलमधला नेहमीचा नकाशा. नाव घेत नाही, तुमच्याही मोबाइलमध्ये आहे. दोन, कॉम्प्युटरवरचा असा नकाशा ज्यात जुन्या तारखांचे फोटो मागं सरकवत बघता येतात. तीन, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो, जे कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर फुकट मिळतात. सोबत सात फुटी, दोन तुकड्यांची कार्बनची काठी आणि ३००० नंबरचं रीळ, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. काठीबद्दल तक्रार नाही. रिळाची दोरी अडवणारी तार तिसऱ्या महिन्यात ढिली पडली, ती सायकलवाल्याकडून बसवून घेतली. रिळाबद्दल एवढं पुरे.

पहिला धडा नेहमीच्या नकाशानंच दिला. फेब्रुवारीत त्यावर एक पाझर तलाव छान निळा दिसला, चाळीस किलोमीटरवर. दाजी मागं, काठी आडवी, पहाटे साडेपाचला निघालो. तलावाच्या पाळूवर चढलो तर खाली हरभरा! गाळपेर. पाणी ओसरलं की पोटातल्या जमिनीवर लोक पीक घेतात, हे लहानपणापासून माहीत, तरी निळा रंग बघून विसरलो. एक आजी घाटे तोडत होत्या. म्हणाल्या, "मासे? पंचमीला या, तवा पानी आसंल तर." त्या निळ्या रंगाला तारीख नसते, तो एकदा काढला की काढला. मराठवाड्यात तळं ही वर्षभराची वस्तू नाही, हे तो नकाशा काढणाऱ्याला कोण सांगणार.

त्यानंतर सेंटिनेल. साधारण दर पाच दिवसांनी नवा फोटो येतो, त्यामुळं पाणी आहे की नाही हे शुक्रवारी रात्री घरबसल्या कळतं. त्यात एक पर्याय असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. तो लावला की हिरवळ लाल दिसते आणि पाणी काळं. ज्या पाण्यावर लाल चट्टे, तिथं जलपर्णी माजलेली, गळ टाकायची सोय नाही. मात्र काठाला लालसर पट्टी आणि लगेच पुढं काळं पाणी असेल तर ती मरळीची जागा. मरळ अशाच गवताच्या, बेशरमाच्या आडोशाला उभी असते आणि मधूनमधून हवा घ्यायला वर येते. गढूळ पाणी त्याच फोटोत फिक्कट निळसर दिसतं. त्यावरून नवं पाणी कोणत्या ओढ्यानं आलं तेही ओळखता येतं.

उणीव एकच, पण मोठी. या फोटोतला एक ठिपका म्हणजे दहा मीटर. माझं अख्खं घर एका ठिपक्यात बसतं. त्यात पाणी दिसतं, पण पाण्याखालचं काही कळत नाही.

पाण्याखालचं कळलं ते दुष्काळामुळं. हा सगळा खटाटोप सार्थकी लागला तो इथंच.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी घागर घेऊन रांगेत होतो. आता डिसेंबरात रात्री अकरा वाजता कॉम्प्युटरवर तारीख मागं सरकवत त्याच उन्हाळ्यात गेलो, तर धरणाचं पोट उघडं. २२४ दलघमीचं (दशलक्ष घनमीटर) धरण, आणि त्यात काय काय! मांजरेचं जुनं पात्र, वळणावळणाचं, मध्ये कुठंतरी डबकं. त्याला येऊन मिळणारे ओढे. जुन्या वाटा, बांधांच्या रेघा आणि काळे गोल ठिपके. ते ठिपके मोठे केले तर विहिरी. पाण्यानं धरण भरलं की हे सगळं सपाट, चकचकीत, सगळीकडं सारखंच. मासा मात्र सपाटीवर थांबत नाही. थंडीत तो खोल पात्राच्या कडेला असतो, सकाळी ऊन चढलं की तिथून उथळावर चरायला येतो. म्हणजे जुन्या पात्राची कड काठाच्या सगळ्यात जवळ जिथं येते, तिथं उभं राहायचं. २०१६ च्या फोटोवर अशा तीन जागा मिळाल्या, त्यांना खुणा केल्या आणि त्याच खुणा मोबाइलवर घेतल्या.

जानेवारीचा दुसरा रविवार. पहिल्या खुणेवर उभे होतो. मागून आवाज, "काय करायलाव हितं?" सत्तरीचे एक बाबा, खांद्यावर घोंगडं, पुढं चार शेळ्या. मी मोबाइल दाखवला. त्यांनी आधी आडवा धरला, मग उभा, मग म्हणाले, "ह्ये कवाचं हाय? पानी कुटं गेलं?" म्हटलं, बाबा, दुष्काळातला फोटो आहे. ते मातीत उकिडवे बसले आणि बोटानं फोटो सरकवायला लागले. बोट जाडं, फोटो भलतीकडंच जायचा. शेवटी एका काळ्या ठिपक्यावर थांबले. "ही आमची हीर. ह्या बाजूला चिंच हुती. भाऊ आन मी मोट हाकायचो." पुढं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जाग आल्यासारखं, "हिरीवर नको टाकू. आत बाभळी पडल्यात, दोर तुटंल. वड्याच्या तोंडाला टाक, तितं गाळ हाय, मिरगळ लोळतंय." त्यांनी दाखवलेली जागा माझ्या खुणेपासून शंभर-दीडशे पावलांवर होती. माझ्या खुणेवर त्या दिवशी काही लागलं नाही. ओढ्याच्या तोंडाला दोन मृगळ आणि चार किलोचा एक कटला लागला.

कटला तिथं लागला हे मात्र नवल. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाला. म्हणून आता एकाच जागी तीन खोलींवर गळ लावतो. आमिषाला भाजलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा भुगा कणकेत मळून घेतो. दाजी त्यात बडीशेप घालतात. का, ते विचारू नका.

आता जे कुठलाच उपग्रह दाखवत नाही, ते. पाणी कुणाचं? आपल्याकडं बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्यांनी बीज सोडलेलं असतं, पैसे भरलेले असतात. तुम्ही हौस म्हणून जाता आणि ते त्यावर घर चालवतात. म्हणून काठी उघडायच्या आधी काठावर होडी दिसते का बघायचं आणि माणसाला विचारायचं. एका ठिकाणी चक्क नाही म्हणाले, परत आलो. दोन ठिकाणी जाळ्यापासून लांब बसा म्हणाले. एका ठिकाणी दोनशे रुपये घेतले, वर दुपारी वाम मासा शिजवून भाकरीसोबत खाऊ घातला. तो सौदा आमच्या फायद्याचा होता. पैठणच्या नाथसागराचा तर विचारच सोडला. एवढं मोठं पाणी, पण ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे पाणी उपसायच्या मोटारी. तलावाच्या काठानं शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी आणि पाण्यात टाकलेल्या केबली असतात. माझा गळ एकदा अशा केबलीत अडकला. ओढत होतो तेवढ्यात दाजी ओरडले. दोरी कापली, गळ गेला. लाइट कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा असं काही अडकलं तर हिसका न देता कापून टाका. पाचच रुपयांचा गळ आहे.

तिसरी, चिखल. फोटोत काठ फिक्कट तपकिरी दिसला की वाळलेला आहे असं वाटतं. काळी माती वरून वाळते, तिला ढेकळाएवढ्या भेगा पडतात, पपडी पायाखाली कुरकुरते आणि चौथ्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे. पुढच्या वर्षीच्या फोटोत दिसली तर कळवतो.

त्याच चालण्यात एक बघायला मिळालं. पाणी हटलेल्या काठावर घमेल्याच्या बुडाएवढे गोल खड्डे, एकाला लागून एक, तीसेक तरी. प्रत्येकाची कड नीट सारवल्यासारखी. ही चिलापीची घरं. नर तोंडानं माती उचलून खड्डा करतो. हे खड्डे जिथं सुकलेले दिसतात, त्याच्या पुढच्या उथळ पाण्यात चिलापी असतेच. गांडूळ लावून तासाभरात पंधरा काढल्या. चवीला ठीक, काटे त्रास देत नाहीत. पण गळ ओढायची मजा तिच्यात नाही, हे माझं मत. दाजींचं उलटं आहे.

मरळ या आठ महिन्यांत दोनच मिळाल्या, दोन्ही रबरी बेडकावर, दोन्ही लालसर पट्टीच्या कडेला. एक मोठी दिसूनही सोडली. तिच्याखाली केशरी पिलांचा झुबका वळवळत होता आणि ती हलेना. अशा वेळी ती पिलांवर पहारा देत असते. बेडूक टाकला तर भुकेनं नाही, रागानं तोंड मारते. ती उचलली की पिलं इतर माशांच्या तोंडी.

विकत घ्यायचं तर यात काहीच नाही, नकाशे फुकट आहेत. खर्च वेळेचा. एका तलावाला मी सरासरी दोन रात्री देतो, एक जुन्या दुष्काळी वर्षांचे फोटो बघायला, दुसरी गेल्या महिन्याभराचे. नवीन माणसानं सुरुवात मोठ्या धरणानं करू नये. मांजरेवरचे बॅरेज, म्हणजे दारं असलेले बंधारे बघा, लांबट पाणी, दोन्ही काठ हाताशी, पात्र कुठं हे शोधावं लागत नाही. तिथं दारं बंद झाल्यावर पाणी स्थिर होतं, दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम.

आता जून लागला. ताजे फोटो उघडले, नुसते पांढरे ढग. त्यात मासे गाभोळीला आलेले, म्हणून दिवाळीपर्यंत सुट्टी. काठीला तेलाचा हात फिरवून माळ्यावर टाकली. पंचवीस मेचा फोटो तेवढा जपून ठेवलाय. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि दोन तलावांत याआधी कधी न दिसलेला एकेक ओढा उघडा पडलाय. त्यांच्या तोंडाला खुणा करून झाल्या. बाबांना दाखवायला एक मोठा कागदी प्रिंट काढायला टाकलाय, मोबाइलवर त्यांचं बोट सरकतं म्हणून.