ओरॅकलच्या हाती जाव्हा: भाषेची निगा उत्तम, परवान्याचा भरवसा नाही

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि जाव्हा ही प्रोग्रॅमिंग भाषा ओरॅकलच्या हाती आली. त्याच वर्षी जाव्हाचे जनक जेम्स गॉस्लिंग यांनी कंपनी सोडली, अँड्रॉइडमधील जाव्हाच्या वापरावरून ओरॅकलने गूगलविरुद्ध खटला भरला आणि अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही मुक्त सॉफ्टवेअर बनवणारी संस्था जाव्हाची मानके ठरवणाऱ्या कार्यकारी समितीतून बाहेर पडले. एवढे होऊनही भाषेच्या बांधणीचे काम असे झाले आहे की त्याला पूर्ण गुण द्यावेत. २०१८ पासून दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती ठरल्या वेळी येते. सप्टेंबर २०२३ च्या आवृत्ती २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधील स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा; व्हर्च्युअल म्हणजे त्याचा हलका प्रकार) कायमचे दाखल झाले, त्यामुळे प्रत्येक विनंतीला एक थ्रेड ही सरळ, वाचायला सोपी पद्धत न सोडता एकाच सर्व्हरवर हजारो विनंत्या एकाच वेळी हाताळता येतात.

समुदायाशी असलेला व्यवहार मात्र इतका उदार नाही. २०१७ मध्ये जाव्हा ईई, म्हणजे मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठीचा जाव्हाचा मानक संच, एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचे ठरले, पण नावावरचा हक्क ओरॅकलने सोडला नाही. परिणामी संचाला जकार्ता ईई हे नवे नाव मिळाले आणि डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये 'जाव्हाएक्स डॉट सर्व्हलेट' अशी सुरू होणारी प्रत्येक इम्पोर्टची (बाहेरचा तयार कोड जोडणारी) ओळ 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' अशी बदलावी लागली. आपल्या फायलींतील ओळी बदलणे सोपे असते. जुन्या नावावर बांधलेली, कोणी सांभाळत नसलेली एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रकल्पात असेल, तर खरे काम तिथे निघते. एवढ्या खटाटोपातून वापरणाऱ्याला एकही नवी सोय मिळाली नाही, आणि हे मला अक्षम्य वाटते.

सर्वांत मोठी तक्रार परवान्याची आहे. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलच्या जाव्हा ८ चे नवे अपडेट व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाले. २०२१ मध्ये आवृत्ती १७ पुन्हा विनामूल्य दिली गेली, पण तिचे विनामूल्य अपडेट सप्टेंबर २०२४ मध्ये थांबले. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या वर्गणीत तर शुल्क संगणकांवर नव्हे, कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरते: ९९९ पर्यंत कर्मचारी असल्यास दरडोई दरमहा १५ डॉलर, म्हणजे ५०० जणांच्या कंपनीला जाहीर दराने वर्षाला ९०,००० डॉलर. या संख्येत अर्धवेळ आणि तात्पुरते कर्मचारी येतातच, शिवाय कंपनीच्या अंतर्गत कामकाजाला हातभार लावणाऱ्या कंत्राटदारांची माणसेही धरली जातात. जाव्हा एका सर्व्हरवर चालो की शंभर, हिशेब माणसांचाच होतो. पुण्या-मुंबईतील मनुष्यबळावर उभ्या असलेल्या सेवा कंपन्यांना ही पद्धत किती जाचक ठरेल, हे उघड आहे.

म्हणून जाव्हा जरूर वापरावी, पण ओरॅकलचा जेडीके (जाव्हाचे प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याचा साधनसंच) परवाना वाचल्याशिवाय उतरवून घेऊ नये. ओपनजेडीके या त्याच्या मुक्त रूपाचा मूळ कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला आहे आणि त्यावर बांधलेले एक्लिप्स टेमुरिन किंवा ॲमेझॉन कोरेटो बहुतेक कामांना पुरेसे आहेत. सर्व्हरवर नेमके काय बसवले आहे, हे पाहण्यासाठी कमांड लाइनवर जाव्हाची आवृत्ती विचारावी: उत्तरात 'ओपनजेडीके' हा शब्द दिसला नाही आणि 'जाव्हा एसई रनटाइम' असे आले, तर ती प्रत बहुधा ओरॅकलची असते आणि तिचा परवाना त्याच दिवशी तपासावा.