ओल्ड बेली ऑनलाइन: चोरांच्या कृपेने घर बघायचं असेल तर

आधीच सांगते, ही साइट इंटिरिअरवाल्यांसाठी बनलेलीच नाहीये. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात १६७४ ते १९१३ या काळात चाललेल्या फौजदारी खटल्यांचे छापील वृत्तांत, जवळजवळ दोन लाख खटले, सगळे सर्च करता येतील असे फुकट टाकलेत. खून, दरोडे, खोटी नाणी आणि चोऱ्या. चोऱ्याच चोऱ्या. आपल्याला हव्यात त्या याच.

झालं असं की थिसिससाठी मला अठराव्या शतकातल्या साध्या माणसांच्या खोल्या बघायच्या होत्या आणि त्याआधी मी पैसे भरून डेकोरेटिव्ह आर्ट्सच्या इतिहासाचा एक ऑनलाइन कोर्स घेतलेला (नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको). त्यात आठवडेच्या आठवडे नुसते राजवाडे. खुर्चीचा पाय वाकडा झाला की फ्रान्सच्या राजाची, पंधराव्या लुईची स्टाइल, सरळ झाला की सोळाव्याची, बास, एवढंच डोक्यात राहिलं. त्या खुर्चीवर न बसलेल्या लोकांच्या घरी काय होतं हे विचारलं तर उत्तर आलं की 'स्कोपच्या बाहेर आहे'. अर्ध्यात सोडला.

म्युझियममध्ये तरी काय उरतं? जे कुणीतरी जपून ठेवलं ते. फाटकी चादर कोण जपणार! मृत्युपत्रासोबत घरातल्या सामानाच्या खोलीवार याद्या करायचे, त्या भारी असतात, पण मागे ठेवण्यासारखं काही असणाऱ्यांच्या, आणि इंग्लंडमध्ये साधारण १७३० नंतर त्या कमी कमी होत जातात. चोर मात्र गरिबाच्या खोलीतही शिरतो, आणि खटला उभा राहिला की काय काय गेलं याची यादी द्यावीच लागते.

साइटचं खरं सोनं म्हणजे भाड्याच्या खोल्यांचे खटले. सामानासकट खोली द्यायची पद्धत होती, आणि १६९१ च्या एका कायद्याने भाडेकरूने त्यातलं सामान पळवणं ही सरळ चोरी ठरली. त्यामुळे असे खटले ढिगाने सापडतात. सर्चमध्ये 'लॉजिंग' टाका आणि वाचत बसा: दोन चादरी, एक ब्लँकेट, उशाचा लोड, तांब्याची किटली, पितळी मेणबत्ती स्टँड, भाता, इस्त्री, छोटा आरसा. एका ओळीत अख्खी खोली. पुढे घरमालकीण साक्षीला येते आणि खोली कुठल्या मजल्यावर, भाडं किती, किल्ली कुणाकडे असलं बोलून जाते, मग गहाणवाला येऊन सांगतो की हो, ही किटली माझ्याकडेच आली होती. कुठल्याही पॅटर्न बुकात (फर्निचरच्या डिझाइनांची छापील पुस्तकं) हे मिळणार नाही. इतिहासकारांनी यावर रीतसर काम केलंय, जॉन स्टाइल्स यांचं तर खास या भाड्याच्या खोल्यांवरच, त्यामुळे 'हा काय सोर्स झाला का' असं गाइडने विचारलं तर घाबरू नका.

वापरायला कशी आहे म्हणाल तर सोपी. गुन्ह्याचा प्रकार, साल, शब्द, असं सगळं लावून शोधता येतं आणि मूळ छापील पानाचा फोटोपण बघता येतो. तो बघाच, कारण स्पेलिंग त्या काळी ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. कॅलिको, म्हणजे सुती कापड, एकदा एका 'एल'ने, एकदा दोनने. एका स्पेलिंगने शोधून 'काहीच नाही' म्हणून उठलात तर चूक तुमची.

आता सावध कुठे राहायचं ते. किमतींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. घरातून ४० शिलिंग किंवा जास्तीचा माल चोरला तर फाशी, असा १७१३ चा कायदा होता, म्हणून ज्युरीला दया आली की ती मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवायची. धडधडीत त्याहून महाग सामान, आणि निकालात ३९! पहिल्यांदा मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. म्हणजे त्या काळच्या सामानाच्या दरांचा तक्ता करणाऱ्याने निकालातला आकडा उचलला तर बोंबला.

दुसरं म्हणजे चोर जे उचलू शकतो तेच यादीत येतं. कपडे, चादरी, भांडी भरपूर. मोठं कपाट पाठीवर टाकून कोण पळणार? आणि भिंतीला चिकटवलेला वॉलपेपर तर नाहीच नाही. त्यासाठी वेगळी वाट आहे, इंग्लंडमध्ये १७१२ ते १८३६ वॉलपेपरवर कर होता आणि कागदाच्या पाठीमागे कराचे शिक्के मारायचे, जुना तुकडा सापडला की त्यावरून काळाचा अंदाज येतो. पण तो विषय वेगळा, इथे शोधून वेळ घालवू नका. शिवाय सुरुवातीच्या दशकांतले बरेच वृत्तांत दोन-चार ओळींत आटोपलेत, साक्षी सविस्तर वाचायच्या तर १७३० च्या पुढे या.

सोबत लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमचं ऑनलाइन कलेक्शन दुसऱ्या टॅबमध्ये उघडं ठेवा, यादीतली वस्तू दिसायला कशी असेल याचा अंदाज येतो. आणि गेटी या अमेरिकन संस्थेचा आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरसपण, म्हणजे कला-वास्तुकलेतल्या शब्दांचा कोश, तोही फुकट आहे. शब्दांसाठी तो लागतोच, हे मी ठेच खाऊन शिकले. यादीत 'बेड' दिसला की मी पलंग म्हणून मोजायचे आणि मनात म्हणायचे, काय दणकट चोर आहेत हे, पलंग घेऊन जिना उतरतात! तेव्हाच्या भाषेत बेड म्हणजे बहुतेक वेळा गादी, पिसांची नाहीतर लोकरीच्या चिंध्यांची. पलंगाच्या सांगाड्याला बेडस्टेड म्हणायचे. आणि 'कर्टन' आले की आधी पलंगाभोवतीचे पडदे समजायचे, खिडकीचे असतील तर बऱ्याचदा तसं वेगळं लिहिलेलं असतं.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला तो साइटमुळे नाही, त्या ३९ शिलिंगवाल्या ज्युरीमुळे. एक्सेलमधला 'पलंग' नावाचा कॉलम उडवलाय आणि पहिल्या खटल्यापासून परत मोजतेय, गादी वेगळी, सांगाडा वेगळा.