पाहुण्यांच्या बाथरूमचा गिझर आणि स्टिकरवरचा खोटा नंबर

आमचं घर जुळे सोलापुरात. जिन्याखाली चार बाय पाच फुटांची एक बाथरूम आहे, ती फक्त पाहुण्यांची. एरवी बंदच असते, पण संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली किंवा अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करायला नातेवाईक उतरले, की तीच लागते. यंदा जानेवारीत लेकीचे सासू-सासरे त्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला येणार होते. विहीणबाई सत्तरीच्या, पहाटे अंघोळ करणाऱ्या. सोलापूर म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं, पण संक्रांतीच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात हात घालून बघा.

काय बसवायचं यावर आम्ही दोघांनी पंधरा दिवस खल केला. गच्चीवर सोलर आहे, पण तिथून जिन्याखालपर्यंत लाइन आणली तर गरम पाणी यायच्या आधी दर वेळी गार पाणी सोडून द्यावं लागणार. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तो जीवाला घोरच. गॅस गिझरला मी आधीच नाही म्हटलं. एवढ्याशा कोंदट जागेत हवा कमी पडली की गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणूस आत कोसळला तरी बाहेर पत्ता लागत नाही. बादलीतला रॉड म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्यायचा नाही. पंधरा लिटरचा गिझर वर्षातले पंधरा दिवस चालणार आणि उरलेले दिवस बोअरचं क्षाराचं पाणी पोटात घेऊन लटकत राहणार. म्हणून तीन लिटरचा इन्स्टंट ठरला. 3000 वॅटचा, बादली भरायला सात-आठ मिनिटं, वीज अर्ध्या युनिटहून कमी. हा निर्णय मला आजही बरोबरच वाटतो. फसले ती त्यानंतर, दुकानात.

बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी एका नावाजलेल्या कंपनीचा गिझर दाखवला, किंमत सांगितली आणि लगेच दुसरा पुढे करून म्हणाला, "वहिनी, नावाचे पैसे कशाला देता? हाच माल, कारखाना तोच, फक्त स्टिकर वेगळं. आत तांब्याची टाकी आहे, आयएसआय आहे." खोक्यावर 6,900 छापलेले, आम्हाला 3,400 ला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की, पण 18 टक्के जीएसटी वर लागेल." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. सहाशे रुपये वाचतात म्हणून आम्ही गप्प बसलो आणि कच्च्या चिठ्ठीवर रोख मोजले. ती शांतता आम्हाला फार महाग पडली.

बसवायला "कंपनीचा माणूस" म्हणून जो पोरगा आला, तो दुकानदाराचाच होता. पाइप, वॉशर, मजुरी मिळून त्याने 950 घेतले, ते मी फोनवरून पाठवले. गिझर चालू करताच एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडला. दोनदा पडला. त्याने पिशवीतून दुसरा, 32 अँपिअरचा काढून बसवला आणि म्हणाला, "आता पडणार नाही." मला तेव्हा बरंच वाटलं.

पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे विहीणबाई बाथरूममधून तशाच बाहेर आल्या, ओला हात दुसऱ्या हाताने धरून. "नळाला मुंग्या येतायत हो," म्हणाल्या. त्यांचा चेहरा आठवला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्या दिवशी अक्षतांना गेलो खरं, पण माझं अर्धं लक्ष त्या नळातच होतं.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने मेन स्विच बंद करून गिझरचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "काकू, हे बघा." अर्थिंगची, म्हणजे बॉडीत उतरलेली वीज जमिनीत नेणारी हिरवी वायर बॉडीला जोडलेलीच नव्हती. टोक कापून, गुंडाळी करून, काळी टेप लावून कोपऱ्यात दाबून ठेवली होती. टाकीला त्याने चुंबक लावलं, ते टप्पकन चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही. साधा पत्रा होता, आणि सांध्याला महिन्याभरातच तांबूस गंज. भिंतीतली वायर जुनी, दिव्यापुरती बारीक. 3000 वॅट म्हणजे तेरा अँपिअर. एवढा भार त्या वायरीला झेपत नव्हता म्हणून एमसीबी पडून सांगत होता, आणि त्या पोराने तो सांगणाराच काढून टाकला. वायर भिंतीत जळाली असती तरी 32 चा एमसीबी हलला नसता.

मग स्टिकर. आयएसआयच्या खुणेच्या वर आयएस (भारतीय मानकाचा) क्रमांक आणि खाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा नंबर असतो. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा, चालू आहे की संपला, सगळं दिसतं. आमच्या गिझरचा नंबर टाकला तर परराज्यातल्या कारखान्याचं नाव आलं, आणि वस्तू होती इस्त्री! मिनिटाभराचं काम. ते दुकानातच केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुकानदाराकडे गेलो तर त्याचं पहिलं वाक्य, "हा आमच्याकडचाच कशावरून?" बिल नाही, चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही. आमच्या हातात उरलं होतं ते एवढंच: पोराला पाठवलेल्या 950 ची नोंद, आणि खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला त्याच गिझरचा फोटो. तेवढ्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगातही जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आता त्या बाथरूममध्ये तीन लिटरचाच गिझर आहे, दुसऱ्या दुकानातला, पक्क्या बिलाचा. नंबर मी काउंटरवरच तपासला. दुकानदार रागावला नाही, उलट थांबला. वायरमनने बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली, अर्थिंग मीटरने तपासून दाखवलं आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लावला. गिझरच्या किमतीपेक्षा या कामाला जास्त पैसे गेले, आणि ते देताना मी एकदाही घासाघीस केली नाही.

जुना गिझर भंगारात दिलेला नाही. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय. आयोगापुढे न्यायचा आहे, म्हणून स्टिकरवर पारदर्शक टेप लावून घेतली आहे.