नोकरी गेली, कर्ज डोक्यावर: पीएफ तिथेच ठेवायचा की खात्यात आणायचा?

राजीनाम्याची शाई वाळायच्या आत पीएफचा क्लेम टाकायची बहुतेकांना घाई असते. पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर थोडं थांबा. पैसे कुठे पडलेत, यावर त्यांना कोण हात लावू शकतं ते ठरतं.

पीएफमध्येच ठेवले तर: 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम 10 पासून चालत आलेलं संरक्षण भक्कम आहे. तुमच्या कर्जापोटी ही रक्कम कोर्टाच्या हुकमानेही जप्त होत नाही. वसुलीवाला फोनवर ‘पीएफ सील करू’ म्हणाला, तर ती नुसती दमबाजी. नोकरी सुटली म्हणून व्याजही लगेच थांबत नाही. 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. फक्त घरभाडं आणि शाळेची फी पासबुकातल्या आकड्यांवर भागत नाही.

खात्यात आणले तर: इथे गोष्ट धूसर होते. पैसा कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंतच कवच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ज्योती चिट फंड प्रकरणात म्हटलं. पुढे 2008 मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात, पेन्शन-ग्रॅच्युइटीचा पैसा एफडीत ठेवला तरी त्याचं मूळ स्वरूप जात नाही, असं सांगितलं. दिलासा आहे, पण तो मिळवायला वकील लागतो आणि तोवर खातं गोठलेलं असतं.

खरा धोका कोर्टाच्या कितीतरी आधी येतो, खुद्द बँकेकडून. 1872 च्या करार कायद्याचं कलम 171 बँकेला लीनचा, म्हणजे देणं फिटेपर्यंत तुमचा पैसा अडवून ठेवण्याचा हक्क देतं. त्याच बँकेचं कार्ड थकलं असेल तर ती तुमच्या बचत खात्यावर लीन मारते किंवा रक्कम परस्पर वळती करते. माझ्या ओळखीतल्या एकाला हे एटीएमसमोर उभं राहिल्यावर कळलं. यूएएनला (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाला) जोडलेलं बँक खातं बहुधा जुनं सॅलरी अकाउंटच असतं, आणि कार्डही त्याच बँकेचं!

म्हणून माझ्या मते पीएफ काढायचा की नाही, याआधी तो कुठे उतरवायचा हे ठरवा. ज्या बँकेचं एक रुपयाचंही देणं नाही, तिथलं खातं यूएएनला जोडा. एप्रिल 2025 पासून त्यासाठी कंपनीच्या मंजुरीची गरज राहिलेली नाही. ग्रॅच्युइटीलाही 1972 च्या कायद्याच्या कलम 13 पासून चालत आलेलं कवच आहे, पण तीही सॅलरी खात्यातच येते. तेव्हा एचआरला नवीन खातं वेळेत कळवा.

मात्र जुनं खातं रिकामं करून निवांत बसू नका. ईएमआयचा मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी) बाउन्स झाला तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्ता झेपत नसेल तर तो बुडायच्या आधीच बँकेला लेखी कळवून मुदत मागा.

आणि कार्डावर महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज चढत असेल, तर 8.25 टक्क्यांचा पीएफ जपून ठेवण्यात शहाणपण नाही. घरखर्चाचे सहा महिने बाजूला काढून उरलेल्यातून कार्ड आधी मिटवा. गृहकर्जाचा हप्ता मात्र त्याच्याही आधी, कारण तिथे घरच तारण आहे.

क्लेम सबमिट करण्याआधी स्क्रीनवर दिसणारे खात्याचे शेवटचे चार आकडे एकदा नीट वाचा.