न्यू जर्सीची 'नॅलॉक्सोन ३६५' योजना: खोकं फुकट, पुढचं तुमच्या हातात

न्यू जर्सीत २०१७ च्या कायद्याने तात्पुरत्या दुखण्यासाठी ओपिऑइडचं (अफूसारख्या, सवय लावणाऱ्या वेदनाशामकाचं) पहिलं प्रिस्क्रिप्शन पाच दिवसांपुरतंच लिहिता येतं. कर्करोग आणि हॉस्पिसचे (अखेरच्या काळातल्या सेवेतले) रुग्ण यातून वगळले आहेत. कायदा चांगला आहे, पण रस्त्यावरच्या बनावट गोळीतल्या फेंटानिलला, म्हणजे अतितीव्र ओपिऑइडला, तो अडवत नाही. तिथे कामी येते ती जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेली ही योजना.

सहभागी फार्मसीत १४ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कोणालाही नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडच्या अतिमात्रेने थांबत आलेला श्वास परत सुरू करणारं औषध, फुकट मिळतं. नाव, विमा, प्रिस्क्रिप्शन काहीही लागत नाही. खोक्यात ४ मिलिग्रॅमचे दोन नेझल (नाकात मारायचे) स्प्रे असतात. मागायचं ते औषधांच्या काउंटरवरच. हेच खोकं शेल्फवरून उचलून गल्ल्यावर नेलं तर सुमारे ४५ डॉलर मोजावे लागतात. घरात कोणाला शस्त्रक्रियेनंतर ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड सुरू असेल, त्यात भर म्हणून अल्प्राझोलामसारखी चिंता कमी करणारी गोळीही असेल, किंवा मुलं कॉलेजात असतील, तर एक खोकं घरी हवंच.

गर्दीच्या काउंटरवर वापर नीट शिकवला जाईल असं धरून चालू नका. माणूस हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासूनही जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळसर पडले असतील, तर ९११ लावा. त्याला उताणा करून मान मागे करा, स्प्रेची नळी नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत घाला आणि दट्ट्या पूर्ण दाबा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. तोवर तोंडाने श्वास देत राहा. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आधी हवेत उडवून बघणं. एका स्प्रेत एकच मात्रा असते, ती तिथेच वाया जाते. दुसरी चूक: माणूस शुद्धीवर आला म्हणून त्याला एकटं सोडणं. औषधाचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, अंगात उरलेलं ओपिऑइड त्याला पुन्हा बेशुद्ध करू शकतं. झायलाझिनवर (रस्त्यावरच्या अमली पदार्थांत मिसळलं जाणारं, जनावरांना गुंगी आणणारं औषध) नॅलॉक्सोन चालत नाही, तरी द्यावंच, कारण सोबत बहुधा फेंटानिल असतं. खोकं गाडीत ठेवू नका. उन्हाळ्याची उष्णता आणि हिवाळ्यातलं गोठणं, दोन्ही वाईट. पोलिसांच्या भीतीने फोन टाळणंही जीवघेणं ठरतं. मदत बोलावणाऱ्याला स्वतःजवळच्या किंवा घेतलेल्या अमली पदार्थाबद्दल २०१३ चा राज्य कायदा संरक्षण देतो, विक्रीबद्दल मात्र नाही.

योजनेची खरी उणीव पुढे आहे: खोक्याबरोबर उपचार येत नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध लिहायला डॉक्टरांना लागणारी खास परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारता येतं. मेथाडोन हे दुसरं औषध मात्र व्यसनासाठी फक्त परवानाधारक केंद्रातच मिळतं. आणि १८० दिवसांच्या उपचाराचा खर्च विम्याने उचलावा हा राज्याचा नियम मोठ्या कंपन्यांच्या स्वनिधीतून चालणाऱ्या (म्हणजे उपचारांचा खर्च विमा कंपनी नव्हे, मालकच भरतो अशा) विमा योजनांना लागू नाही. आयटीत नोकरी असेल तर आपली विमा योजना कोणत्या प्रकारची आहे हे एचआरला आत्ताच विचारून ठेवा.